स्वयंसेवक पडताळणी (कोकण किनारा)

स्वयंसेवक पडताळणी : संस्थेसाठी विनामोबदला काम करू इच्छिणाऱ्याची ओळख, कुवत आणि त्याच्यापासून इतरांना संभवणारा धोका यांची काम सोपवण्यापूर्वी होणारी तपासणी. अर्ज, समक्ष बोलणे, परिचितांकडे चौकशी, पोलिसांकडील चारित्र्य पडताळणी आणि देखरेखीखालचे सुरुवातीचे काम हे तिचे नेहमीचे टप्पे. ती किती कसून करायची हे कामावर ठरते. एका सकाळी किनारा साफ करायला आलेल्यांची नावे आणि फोन नंबर टिपून घेतले तरी भागते. मुलांची शिकवणी घेणाऱ्याला किंवा एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या घरी जाणाऱ्याला तेवढ्यावर सोडणे बेजबाबदारपणाचे आहे.

कोकणात हे काम बहुधा ओळखीवर चालते. वाडीतल्या माणसाचे घराणे, आजोळ, मुंबईतली नोकरी सगळ्यांना ठाऊक असते. 'आपल्यातलाच आहे' म्हटले की चौकशी संपते. ही ओळख उपयोगाची आहेच. खाडीचे पाणी कोणाला कळते, शब्द कोण पाळतो, हे अर्जावर लिहिलेले नसते. पण मुलांच्या बाबतीत तीच घात करते. मुलावर अत्याचार करणारा बहुतेक वेळा परिचयातलाच निघतो आणि गावात ओळखीच्याला प्रश्न विचारणे हा अपमान समजला जातो. म्हणून सरपंचांच्या मुलापासून सुटीवर आलेल्या चाकरमान्यापर्यंत सर्वांना एकच अर्ज आणि तेच प्रश्न हवेत. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याखालील २०२० च्या नियमांनी मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या संस्थांवर कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी ठरावीक काळाने करण्याचे बंधन घातले आहे. संस्थांनी ते स्वयंसेवकांनाही लावावे. पोलिसांच्या दाखल्यात नोंद झालेलेच दिसते. शिफारस देणाऱ्याला फोन करून 'तुमची मुले याच्याबरोबर पाठवाल का?' असे विचारले की उत्तरापूर्वीचा थांबाही बरेच सांगून जातो.

आपत्तीत वेळ नसतो. जून २०२० चे निसर्ग चक्रीवादळ आणि जुलै २०२१ चा चिपळूणचा महापूर यांनंतर बाहेरून मदतीचे हात आले. अशा वेळी ओळखपत्र पाहणे, गट आणि गटप्रमुख लिहून घेणे, पायाला जखम असलेल्याला चिखल उपसण्यापासून दूर ठेवणे (जखमेतून शिरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाची भीती असते) एवढे तरी व्हावे. आपत्तीसाठी स्थानिक स्वयंसेवक आधीच तयार करणाऱ्या सरकारी 'आपदा मित्र' योजनेत वय, शिक्षण आणि प्रकृतीच्या अटी आहेत. पोहण्याची खात्री मात्र पाण्यातच करावी : विहिरीत सराईत पोहणारा खाडीच्या ओहोटीला टिकेलच असे नाही.

कासव संवर्धनात निकष वेगळे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने हे काम उभे केले. पुढे आंजर्ल्यासारख्या गावांतही ते चालू झाले. ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची अंडी उचलताना फिरवली तर आतला गर्भ मरू शकतो, त्यामुळे हात स्थिर आणि सूचना पाळणारा हवा. पहाटेच्या गस्तीला काही दिवस जुन्या माणसाबरोबर पाठवले की उत्साह किती टिकतो ते कळते. पूर्वी खाण्या-विकण्यासाठी अंडी काढणाऱ्याला केवळ त्यावरून वगळणे चूक आहे. वाळूवरचा माग त्याच्याइतका कोणालाच दिसत नाही.

नकार देताना दुसरे काम सुचवावे. गस्त न झेपणारा मदत साहित्याच्या नोंदवहीवर उत्तम बसतो. मुलांच्या सुरक्षिततेवरून दिलेल्या नकाराला अशी तडजोड नाही. त्याचे कारण तारखेसह लिहून कुलूपबंद ठेवावे, म्हणजे तोच माणूस शेजारच्या तालुक्यातल्या संस्थेकडे गेला आणि तिथून विचारणा झाली तर खरे ते सांगता येते.