यहुदी म्हणजे नक्की कोण? एका नावामागची जुनी भानगड

अब्राहम, मोझेस, दहा आज्ञा, दुभंगलेला समुद्र हे सगळ्यांना माहीत आहे, त्यात परत शिरत नाही. मला घोळ दिसतो तो 'यहुदी' या शब्दात, कारण या धर्माच्या सुरुवातीवर भांडणारी निम्मी मंडळी हा शब्द जिथे नव्हताच तिथे नेऊन चिकटवतात.

'इस्राएल' या नावाचा सगळ्यात जुना दगडी पुरावा इजिप्तचा, इ.स.पू. १२०८ च्या आसपासचा शिलालेख. हरवलेल्या शत्रूंच्या यादीत 'इस्राएल' आहे, त्यापुढे देशाची नाही तर माणसांची खूण आहे, आणि यांचं बीजसुद्धा उरलं नाही अशी बढाई आहे. यहुदी हा शब्द त्यात कुठेच नाही.

पुढे दोन राज्यं झाली, उत्तरेला इस्राएल आणि दक्षिणेला डोंगराळ, त्या मानाने गरीब यहुदा. इ.स.पू. ७२२ च्या सुमारास असिरियाने (आजच्या उत्तर इराकमधलं साम्राज्य) उत्तरेचं राज्य बुडवलं, आणि तिथली माणसं, त्यांच्या कथा आणि 'इस्राएल' हे नावसुद्धा दक्षिणेत आलं असं बरेच अभ्यासक मानतात, मलाही तेच पटतं. यहुदी म्हणजे तेव्हा फक्त यहुदाचा माणूस, आपण वऱ्हाडच्या माणसाला वऱ्हाडी म्हणतो तसं. बायबलमध्येच इ.स.पू. ७०१ चा प्रसंग आहे, जेरुसलेमला वेढा पडलाय, असिरियाचा अधिकारी भिंतीखालून धमक्या देतोय, आणि आतले दरबारी त्याला विनवतात की बाबा रे, आरामाइक या दरबारी भाषेत बोल, यहुदी भाषेत नको, भिंतीवरची माणसं ऐकतायत. तो अर्थातच आणखी मोठ्याने यहुदीतच ओरडतो! म्हणजे इथे यहुदी ही चक्क बोली आहे, धर्म नाही.

बरं, मग श्रद्धा काय होती? सिनाईच्या वाळवंटात सापडलेल्या इ.स.पू. आठशेच्या आसपासच्या एका रांजणावर यहोवाच्या, म्हणजे यांच्या देवाच्या, जोडीला 'त्याची अशेरा' असं लिहिलंय, आता ती देवी की पूजेचा खांब यावर अजून मारामारी चालू आहे. पण बायबलमधले संदेष्टे अशेरा, बाल नावाचा शेजाऱ्यांचा देव, टेकड्यांवरची पूजेची ठाणी यावरून लोकांना इतकं झापतात की हे सगळं जोरात चालू होतं हे उघड आहे, 'इथे कचरा टाकू नये' ही पाटी कुठे लागते ते आपल्याला माहीतच आहे. आमचा देव हा, त्यालाच भजायचं, शेजाऱ्यांचे देव शेजाऱ्यांपाशी, असा साधारण सुरुवातीचा हिशोब दिसतो.

इ.स.पू. ५८६ मध्ये बॅबिलोनने जेरुसलेमचं मंदिर जाळलं आणि शहरातली बरीच माणसं उचलून नेली. एरवी अशा वेळी देव हरला म्हणून लोक मोकळे होतात. यांनी उलटं मांडलं, आपल्याच देवाने बॅबिलोनच्या हातून शिक्षा दिली, आणि बाकीचे देव म्हणजे नुसती लाकडं. शब्बाथ (शनिवारची सक्तीची विश्रांती), सुंता, खाण्याचे नियम यांना मंदिर लागत नाही, त्यामुळे परमुलखात यांचंच वजन वाढलं. माझ्या मते धर्म खरा इथे घडला, सिनाईच्या डोंगरावर नाही.

तरी सगळीकडे एकदम फरक पडला असं नाही. इजिप्तमध्ये नाईलच्या एका बेटावर यांची लष्करी वस्ती होती, स्वतःला यहुदीच म्हणवणारी, तिथली इ.स.पू. ४०० च्या आसपासची वर्गणीची यादी मिळालीये. माणशी दोन शेकेल चांदी, याहो देवासाठी, म्हणजे यहोवासाठीच. आणि खाली बेरजेत दुसऱ्या दोन दैवतांच्या नावानेही रक्कम काढलेली, त्यातली एक देवी!

तोपर्यंत शब्द मुलूख सोडून निघाला होता. बायबलमधल्या एस्तेरच्या गोष्टीत मर्दखय हा यहुदाच्या नाही तर बन्यामीनच्या वंशाचा, राहतो इराणात, तरी तो यहुदी. आईवरून यहुदी ठरवायचं हा नियम तर त्याहून नंतरचा, जुन्या कथांमध्ये वंश बापाकडून चालतो, खुद्द मोझेसची बायको मिद्यानी, म्हणजे परक्या जमातीतली होती.

हाच उशिराचा नियम आपल्या कोकणातल्या यहुदी लोकांना नडला. तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटलं, ते स्वतःला बेने इस्राएल म्हणायचे, म्हणजे इस्राएलची लेकरं, तेच जुनं दगडावरचं नाव. ते नव्याने झालेल्या इस्राएल देशात गेले आणि तिथल्या धर्मपीठाने १९६२ मध्ये फतवा काढला की लग्नाआधी यांच्या आईकडच्या पिढ्या तपासा. ज्या बेटावरच्या मंडळींनी देवीच्या नावाने वर्गणी काढली त्यांना यहुदी म्हणताना इतिहासकार फारसे अडखळत नाहीत, आणि शेमा ही यहुदी प्रार्थना म्हणणाऱ्या, शब्बाथ पाळणाऱ्या अलिबाग-पेणच्या माणसांकडे पणजीचा पुरावा! लोक जेरुसलेमच्या रस्त्यावर उतरले, शेवटी ऑगस्ट १९६४ मध्ये संसदेला ठराव करावा लागला की हे सर्व बाबतींत यहुदीच आहेत.