टाकीवरचं नाव वेगळं, इंजिन तेच

१९६० च्या आसपास इंग्लंडमधल्या चिखलाच्या शर्यतींत, म्हणजे तिथल्या भाषेत 'स्क्रॅम्बल'मध्ये, सुरुवातीच्या रेषेवर उभ्या असलेल्या २५० सीसी गटातल्या गाड्यांच्या टाक्यांवरची नावं वाचत गेलं, तर ग्रीव्ह्ज, डॉट, कॉटन अशी रांग दिसायची. खाली वाकून इंजिनावरचं नाव वाचलं, की बहुतेक ठिकाणी एकच सापडायचं: व्हिलियर्स. पीठ एकाच गिरणीचं, भाकरी ज्याची त्याची.

ही गिरणी होती वुल्व्हरहॅम्प्टनमध्ये, आणि तिचा जन्म दुसऱ्याच्या मालाला कंटाळून झाला होता. सनबीम सायकली बनवणारे जॉन मार्स्टन बाहेरून विकत घेतलेल्या पॅडलवर नाराज होते. त्यांनी मुलाला, चार्ल्सला, अमेरिकेत पाठवलं आणि चांगलं पॅडल व ते बनवायची यंत्रं घेऊनच परत ये असं बजावलं. त्यातून पुढे १८९८ मध्ये व्हिलियर्स स्ट्रीटवर वेगळी कंपनी उभी राहिली. पॅडलपाठोपाठ सायकलचं फ्रीव्हील आलं आणि त्याने पैसा दिला. १९१३ मध्ये २६९ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन बाजारात आलं. बाहेरचा सुटा भाग नको म्हणून सुरू झालेली ही कंपनी पुढची पन्नास वर्षं अख्ख्या देशाला सुटा भागच पुरवत राहिली. १९५६ मध्ये विसाव्या लाखाचं इंजिन लंडनच्या सायन्स म्युझियमला भेट दिलं गेलं. त्या वीस लाखांत मोटारसायकलींबरोबर गवत कापायची यंत्रंही होती. आपल्याकडे मद्रासच्या एनफील्ड इंडियाची 'शेर्पा' निघाली, तिचं १७३ सीसीचं इंजिन याच घराण्यातलं.

लहान कारखानदारांना व्हिलियर्स इतकं का भावलं, याचं उत्तर त्या इंजिनाच्या बांधणीतच आहे. क्रॅंककेसला, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीला, गिअरबॉक्स जोडलेला, क्लच आत, ठिणगीसाठी फ्लायव्हीलमध्येच बसवलेला मॅग्नेटो, आणि कार्ब्युरेटरही बरेचदा व्हिलियर्सचाच. टू-स्ट्रोक असल्यामुळे व्हॉल्व्ह, कॅमशाफ्ट, टॅपेट यांची भानगडच नाही. पाइप वळवून जोडता आले, चाकं आणि फोर्क विकत आणले, की मोटारसायकल तयार. ओतकामाची भट्टी नाही, क्रॅंकशाफ्ट घासायचं यंत्र नाही. कारखाना कसला, मोठं गॅरेजच म्हणायचं. इंजिनांची ओळखही आकड्या-अक्षरांनी व्हायची. '९ई' म्हणजे १९७ सीसी, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ५९ आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७२ मिलिमीटर. स्ट्रोक तोच ठेवून बोअर ६६ वर नेला, की २४६ सीसी. त्यातलं '३२ए' ट्रायल्ससाठी, म्हणजे दगडधोंड्यांतून पाय न टेकता गाडी काढायच्या स्पर्धेसाठी, आणि '३४ए' स्क्रॅम्बलसाठी.

इंजिन सगळ्यांचं सारखंच म्हटल्यावर फरक दाखवायचा तो फ्रेम आणि सस्पेन्शनमध्ये. यात सगळ्यात निराळी डोकी एसेक्समधल्या थंडर्सली गावात चालली. बर्ट ग्रीव्ह्ज यांचे चुलतभाऊ डेरी प्रेस्टन-कॉब यांना लहानपणापासून अर्धांग होतं. बर्टनी त्यांच्या चाकाच्या खुर्चीला गवत कापायच्या यंत्राचं इंजिन बसवलं. त्यातून 'इनव्हाकार' ही अपंगांसाठी तीनचाकी बनवणारी कंपनी निघाली आणि १९५३ मध्ये मोटारसायकली. समोरच्या फोर्कमध्ये स्प्रिंगऐवजी पिळवटणारं रबर, आणि फ्रेमच्या पुढच्या बाजूला नळीऐवजी अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूचं ओतीव तुळईसारखं खोड. गाडी दिसायला ओबडधोबड, पण मोडायची नाही. १९६० आणि १९६१ अशी लागोपाठ दोन वर्षं डेव्ह बिकर्स यांनी २५० सीसी मोटोक्रॉसचं, म्हणजे स्क्रॅम्बलचंच, युरोपियन विजेतेपद ग्रीव्ह्जवर मिळवलं. गवत कापायच्या यंत्रापासून तिथवर आलेली दुसरी रेसिंग कंपनी मला तरी माहीत नाही.

१९६२ पासून याच स्पर्धेला जागतिक अजिंक्यपदाचा दर्जा मिळाला आणि पहिला मान गेला स्वीडनच्या टॉर्स्टन हालमन यांच्याकडे. त्यांची गाडी हुस्कवर्ना. तिचं इंजिन मात्र हुस्कवर्नाचं स्वतःचंच होतं.

इथून व्हिलियर्सच्या गिऱ्हाइकांची गोची उघड होते. सगळ्यांना एकच इंजिन म्हणजे सगळ्यांना एकच ताकद, आणि ती वाढवायची कधी हे ठरवणार वुल्व्हरहॅम्प्टन. काहींनी व्हिलियर्सच्या खालच्या भागावर आपले किंवा बाहेरचे अ‍ॅल्युमिनियम सिलिंडर चढवून पाहिले. १९६२ मध्ये कंपनीनेच ६८ बाय ६८ मिलिमीटरचं, शर्यतीसाठीचं 'स्टारमेकर' काढलं. कॉटनने ते उचललं. ग्रीव्ह्जने १९६४ मध्ये 'चॅलेंजर' गाडीपासून स्वतःच्या इंजिनाची वाट धरली.

त्याआधी असाच प्रयत्न आणखी एका बड्या घराने केला होता आणि तो चांगलाच अंगाशी आला. जेम्स आणि फ्रान्सिस-बार्नेट या दोन्ही कंपन्या एएमसी, म्हणजे असोसिएटेड मोटर सायकल्स, या ब्रिटिश समूहाच्या. या समूहाने १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात विन्चेन्झो पियाट्टी या इटालियन अभियंत्याकडून आपलं टू-स्ट्रोक इंजिन आखून घेतलं. ते कटकटीचं निघालं. शेवटी त्याची जुळणी व्हिलियर्सकडेच सोपवावी लागली आणि पुढे गाड्यांतही व्हिलियर्सचं इंजिन परत आलं. ज्याचं दार आपटून बाहेर पडायचं, त्याच्याच ओसरीवर येऊन बसायची ही वेळ.

१९६६ मध्ये एएमसी कोसळली, तिचे अवशेष आणि व्हिलियर्स एकत्र करून नॉर्टन-व्हिलियर्स झाली. नव्या मालकांना आपल्या ब्रँडच्या गाड्या विकायच्या होत्या, बाहेरच्यांना इंजिनं पुरवण्यात त्यांना फारसं स्वारस्य नव्हतं. स्टारमेकरचा वारसा त्यांच्याच 'एजेएस स्टॉर्मर' या गाडीत गेला. कॉटन आणि डॉट यांना इटलीच्या मिनारेलीची इंजिनं शोधावी लागली. ग्रीव्ह्जने तेवढी १९६९ ची स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल बिल विल्किन्सन यांच्या हातून जिंकून दाखवली.

जर्मनीत हीच गोष्ट थोड्या फरकाने घडली. श्वाइनफुर्टची फिख्टेल उंड झाक्स १८९५ मध्ये सुरू झाली आणि योगायोग असा, की तीही सायकलच्या फ्रीव्हीलच्या हबवरच श्रीमंत झाली. १९६०-७० च्या दशकांत तिची १०० आणि १२५ सीसीची इंजिनं स्वीडनच्या मोनार्कमध्ये, जर्मनीतल्याच हर्क्युलिसमध्ये आणि डीकेडब्ल्यूमध्ये बसत होती. त्यातल्या हर्क्युलिस आणि डीकेडब्ल्यू तर झाक्सनेच विकत घेतल्या होत्या. म्हणजे पुरवठादारच गिऱ्हाइकाचा स्पर्धक. शिवाय हर्क्युलिसची गाडी अमेरिकेत डीकेडब्ल्यू नावाने विकली जायची.

ओहायोचे जॉन पेंटन याच इंजिनाच्या जोरावर पुढे आले. जंगलातल्या लांब शर्यतींसाठी हलकी गाडी हवी, असं त्यांचं ठाम मत. १९६७ मध्ये ते ऑस्ट्रियातल्या मॅटिगहोफेनला गेले आणि तेव्हा सायकली व मोपेड बनवणाऱ्या केटीएमपुढे नमुना बनवण्यासाठी सहा हजार डॉलर ठेवले. १९६८ मध्ये पहिल्या गाड्या अमेरिकेत उतरल्या. फ्रेम केटीएमची, इंजिन झाक्सचं, टाकीवर नाव पेंटन. गाडी चपळ होती, पण गिअर कुठे बसेल याचा नेम नसे. चालवणारे त्या गिअरबॉक्सला 'न्यूट्रलची पेटी' म्हणत. ज्याने ऐन चढावर पहिला आणि दुसरा यांच्यामध्येच गाडी मोकळी सुटताना अनुभवली, त्याला यात विनोद कमी दिसेल.

केटीएमने मात्र वेळेत हातपाय हलवले. १९७२ च्या १७५ सीसी पेंटन 'जॅकपायनर'मध्ये केटीएमचं स्वतःचं इंजिन होतं. दशक संपेपर्यंत पेंटन हे नाव मागे पडलं आणि केटीएम उरली.

२००७ मध्ये पुण्याच्या बजाज ऑटोने केटीएमचा १४.५ टक्के हिस्सा घेतला आणि काही वर्षांनी केटीएमची 'ड्यूक' पुण्याजवळच्या चाकणला बनू लागली. पुढे हुस्कवर्नाचं नावही केटीएमच्या छत्राखाली आलं. २०२० पासून चाकणहून निघणाऱ्या हुस्कवर्ना 'स्वार्टपिलेन २५०'च्या टाकीखाली ड्यूक २५० चंच इंजिन होतं.