साठा आणि माणसे : डेव्हलपरांच्या ऑनलाइन समुदायांची पार्श्वभूमी

सॉफ्टवेअर डेव्हलपरांच्या सार्वजनिक ऑनलाइन समुदायांना ओहोटी लागल्याची चर्चा अलीकडे सतत होते आणि तिचे खापर बहुतेक वेळा नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेल्या चॅटजीपीटीवर फोडले जाते. त्यात तथ्य आहे, पण या ओहोटीची मुळे त्याहून बरीच जुनी आहेत. अशा प्रत्येक समुदायात दोन गोष्टी एकत्र नांदतात : एकमेकांशी बोलणारी माणसे आणि त्या बोलण्यातून साचत जाणारा ज्ञानाचा साठा. बाहेरून येणाऱ्याला साठाच दिसतो, त्याच्या उपयोगी पडतो तोही साठाच. भर मात्र माणसांमुळे पडते. साठा जपण्यासाठी केलेले नियम माणसांना जड होऊ लागले किंवा साठ्याची मालकी एकाकडे आणि श्रम दुसऱ्याचे अशी स्थिती आली, की उतरण सुरू होते, आणि ती आकड्यांत दिसायला पुष्कळ वर्षे जातात. समुदायाचे आरोग्य साठ्याच्या आकारावरून जोखण्याची सवय हीच या इतिहासातील सर्वांत महागात पडलेली चूक आहे, असे माझे मत आहे.

या परंपरेची सुरुवात नेटवर्कच्याही आधी झाली. १९५५ साली लॉस एंजेलिस परिसरात आयबीएम ७०४ हा संगणक वापरणाऱ्या संस्थांनी ‘शेअर’ नावाचा गट स्थापन केला. यंत्राबरोबर मिळणारे सॉफ्टवेअर अगदी तुटपुंजे होते आणि प्रत्येक संस्था तेच तेच प्रोग्रॅम स्वतंत्रपणे लिहीत बसली होती. ते वाटून घेतले तर सर्वांचाच वेळ आणि पैसा वाचणार होता. १९६१ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या ग्राहकांचा ‘डेकस’ हा गट उभा राहिला आणि सत्तरच्या दशकात युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम वापरणाऱ्यांचा गट निघाला, जो पुढे ‘युझनिक्स’ म्हणून ओळखला गेला. या गटांकडे आज औदार्याची उदाहरणे म्हणून पाहिले जाते, पण त्यांचा पाया परस्परांच्या गरजेचा होता : आज मी दिलेला प्रोग्रॅम उद्या तुमच्याकडून मला दुसऱ्या रूपात परत मिळेल, हा विश्वास.

नेटवर्कवरील पहिली मोठी सार्वजनिक जागा म्हणजे युजनेट. १९७९ मध्ये ड्यूक विद्यापीठातील टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांनी तिची कल्पना मांडली आणि १९८० मध्ये ती इतरांसाठी खुली झाली. एक संगणक टेलिफोनच्या तारेवरून दुसऱ्याला जोडला जाई, नव्या संदेशांच्या प्रती पलीकडे जात आणि तेथून पुढच्या संगणकाकडे. मध्यवर्ती मालक कोणीच नव्हता. रिचर्ड स्टॉलमन यांनी २७ सप्टेंबर १९८३ रोजी ग्नू प्रकल्पाची, म्हणजे युनिक्ससारखी मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम लिहिण्याच्या कामाची, घोषणा केली ती युनिक्सच्या एका न्यूजग्रुपवरच, म्हणजे युजनेटवरील विषयवार चर्चागटावर. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेची पहिली सार्वजनिक आवृत्ती फेब्रुवारी १९९१ मध्ये युजनेटवरच आली. त्याच वर्षी २५ ऑगस्टला लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने मिनिक्स या युनिक्ससारख्या छोट्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या न्यूजग्रुपवर लिहिले की आपण हौस म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टिम करत आहोत, ती ग्नूसारखी मोठी आणि व्यावसायिक होणार नाही, आणि मिनिक्समधले काय आवडते व काय खटकते ते वाचकांनी कळवावे. तयार वस्तू पुढे ठेवून दाद मागण्याऐवजी अर्धवट काम दाखवून सूचना मागण्याचा हा संकेत त्या जागेत आधीपासूनच रुळलेला होता, आणि त्या हौशी कामाला, म्हणजे पुढच्या लिनक्सला, मिळालेल्या सुरुवातीच्या मदतीचे पुष्कळसे श्रेय त्या संकेताला द्यायला हवे. ते फारसे दिले जात नाही.

युजनेटची दुसरी देणगी म्हणजे नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची यादी, म्हणजेच एफएक्यू. जुने संदेश ठराविक दिवसांनी सर्व्हरवरून पुसले जात, त्यामुळे सी भाषेच्या न्यूजग्रुपवर तोच पॉइंटरचा प्रश्न दर काही आठवड्यांनी नव्याने येई आणि तीच माणसे तेच उत्तर पुन्हा लिहीत. कंटाळून कोणीतरी अशा उत्तरांचे एक टिपण तयार करी, ते ठराविक काळाने न्यूजग्रुपवर टाकी, वाचकांनी दाखवलेल्या चुका त्यात दुरुस्त करी. बोलणे आणि साठा येथे प्रथम वेगळे झाले. या यादीने जुन्या सभासदांचे श्रम वाचवले, पण त्याच वेळी नवख्याला ‘आधी एफएक्यू वाचा’ असे सांगून वाटेला लावण्याची सोयही तिनेच करून दिली.

दर वर्षी सप्टेंबरमध्ये विद्यापीठांत नवे विद्यार्थी येत, न्यूजग्रुपवर गोंधळ माजे आणि काही आठवड्यांत ते तिथल्या रीतीभाती शिकून रुळत. मार्च १९९४ मध्ये अमेरिका ऑनलाइन या इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीने आपल्या ग्राहकांना युजनेट खुले केले आणि नवख्यांचा ओघ थांबेनासाच झाला. १९९३ चा सप्टेंबर कधी संपलाच नाही, असे जुने लोक त्याच्या थोडे आधीपासूनच म्हणू लागले होते. एप्रिल १९९४ मध्ये दोन वकिलांनी ग्रीन कार्डच्या सोडतीची जाहिरात हजारो न्यूजग्रुपवर एकदम टाकली आणि स्पॅमचे युग सुरू झाले. या काळाविषयी लिहिताना ‘गर्दीने दर्जा बुडवला’ असा निष्कर्ष काढला जातो. मला तो अपुरा वाटतो. आधीचे नवखेही तितकेच अजाण होते. फरक होता तो शिकणारे आणि शिकवणारे यांच्या प्रमाणाचा. ते प्रमाण बिघडल्यावर जुन्यांनी शिकवणे सोडून दिले, काही जण मेलिंग लिस्टवर गेले, काही आयआरसीवर, म्हणजे तत्क्षणी लिहून गप्पा मारण्याच्या जाळ्यावर, आणि उघड्या न्यूजग्रुपवर स्पॅम उरला. गुगलने २००१ साली युजनेटचे संदेश जपून ठेवणाऱ्या डेजा न्यूजकडून युजनेटचे जुने संदेश विकत घेतले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये गुगल ग्रुप्सवरील नव्या युजनेट संदेशांची सोय बंद केली. जुने संदेश शोधण्यासाठी तेवढे राहिले.

वेबच्या काळात प्रश्न व उत्तरे यांचा धंदाही होऊ शकतो, हे एक्सपर्ट्स एक्स्चेंजने दाखवले. १९९६ मध्ये सुरू झालेल्या या जागेवरील उत्तरे पुढे वर्गणीच्या आड गेली. सर्च इंजिनमधून आलेल्या वाचकाला वर पैसे भरण्याची सूचना दिसे आणि खरे उत्तर पानाच्या अगदी तळाशी असे. डेव्हलपरांच्या मनात त्याविषयी साचलेला राग हाच स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमिंगच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळाच्या पाठीशी उभा राहिलेला पहिला जोर होता. जेफ ॲटवुड आणि जोएल स्पोल्स्की यांनी सप्टेंबर २००८ मध्ये ते सर्वांसाठी खुले केले. उत्तरे मोफत वाचता येतील, मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्स या, नावाचा उल्लेख करून कोणालाही पुन्हा वापरू देणाऱ्या, परवान्याखाली राहील, चांगले उत्तर मतांनी वर येईल आणि लिहिणाऱ्याला गुण मिळतील, अशी रचना होती. गप्पांना, मतमतांतरांना मुद्दाम जागा ठेवलेली नव्हती. पहिल्या काही वर्षांत ही रचना इतकी यशस्वी झाली, की एरर मेसेज जसाच्या तसा सर्च इंजिनमध्ये टाकायचा आणि आलेला पहिला दुवा उघडायचा, ही जगभरच्या प्रोग्रॅमरांची रोजची रीत बनली.

याच रचनेत पुढच्या अडचणीही होत्या, आणि त्या जवळून पाहण्यासारख्या आहेत. नवे खाते एका गुणाने सुरू होई. दुसऱ्याच्या उत्तराला अनुकूल मत द्यायला १५ गुण लागत, इतरांच्या प्रश्नावर किंवा उत्तरावर टिप्पणी करायला ५०, आणि प्रश्न बंद करण्यासाठी मत द्यायला ३,०००. समजा, एका नवख्याला जुने उत्तर सापडले, त्याने ते वापरून पाहिले, आणि त्याच्या आवृत्तीत ते चालत नाही असे त्याच्या लक्षात आले. टिप्पणी करण्याइतके गुण त्याच्याकडे नाहीत, म्हणून तो आपली शंका उत्तराच्या चौकटीत लिहितो. ‘हे उत्तर नाही’ असा शेरा मारून ती काढली जाते. मग तो नवा प्रश्न विचारतो आणि तो त्याच जुन्या प्रश्नाचे ड्युप्लिकेट, म्हणजे आधीच विचारलेला, म्हणून बंद होतो. त्या विषयातील उत्तरांबद्दल मिळणारा सुवर्ण बिल्ला असलेला सभासद असला, तर एकट्याच्या मतानेही. यातील प्रत्येक नियमामागे सबळ कारण आहे, प्रत्येकाने साठ्याची नीट राखण केली आहे, आणि तरीही त्या सर्वांचा एकत्रित अनुभव घेतलेला माणूस पुन्हा तिकडे वळत नाही. त्याच्या मनातली दुरुस्ती, म्हणजे नव्या आवृत्तीत काय बदलले याची माहिती, त्याच्याबरोबरच जाते.

राखण करणाऱ्यांची बाजूही समजून घ्यायला हवी. दिवसाला हजारो प्रश्न येत, त्यांतील अनेक गृहपाठ जसाच्या तसा उतरवलेले असत, आणि ते चाळणारे सगळे विनामोबदला काम करणारे होते. त्यांचा तुटकपणा हा बऱ्याच अंशी थकव्याचा परिणाम होता. तरी परिणाम व्हायचा तो झालाच. नव्या प्रश्नांची वाढ २०१४ च्या सुमारास थांबली, म्हणजे चॅटजीपीटीच्या तब्बल आठ वर्षे आधी. वाचकांची संख्या मात्र प्रचंड राहिली, त्यामुळे बाहेरून सारे आलबेल दिसत होते. एप्रिल २०१८ मध्ये खुद्द कंपनीनेच जाहीरपणे मान्य केले की ही जागा अनेकांना, विशेषतः नवोदितांना, स्त्रियांना आणि उपेक्षित गटांतील लोकांना आपलीशी वाटत नाही. जून २०२१ मध्ये प्रोसस या कंपनीने स्टॅक ओव्हरफ्लो १८० कोटी डॉलरना विकत घेतल्याची घोषणा झाली.

मालकीचा प्रश्न इतरत्र याहून लख्खपणे पुढे आला. १९९९ मध्ये सुरू झालेले सोर्सफोर्ज हे संकेतस्थळ अनेक वर्षे ओपन सोर्स प्रकल्पांचे, म्हणजे ज्यांचा कोड सर्वांना खुला असतो अशा सॉफ्टवेअरचे, हक्काचे घर होते. जिंप या चित्रसंपादकाच्या चमूने २०१३ मध्ये ते सोडले. २०१५ मध्ये विंडोजसाठीच्या त्याच्या जुन्या पानाचा ताबा सोर्सफोर्जने स्वतःकडे घेतला आणि तेथील इन्स्टॉलरसोबत जाहिराती जोडल्याचे उघड झाले. नव्या मालकांनी २०१६ मध्ये ती पद्धत बंद केली, पण तोवर प्रकल्प २००८ मध्ये सुरू झालेल्या गिटहब या कोड ठेवण्याच्या दुसऱ्या संकेतस्थळाकडे वळले होते. आयआरसीच्या जगात मे २०२१ मध्ये फ्रीनोड या नेटवर्कवर मालकीचा वाद पेटला. ते चालवणाऱ्या स्वयंसेवकांनी राजीनामे देऊन लिबेरा चॅट सुरू केले, आणि ज्या चॅनेलच्या (गप्पांच्या खोलीच्या) शीर्षकात लिबेराचा उल्लेख होता अशी शेकडो चॅनेल फ्रीनोडने ताब्यात घेतली. पायथन, उबुंटू आणि विकिमीडिया यांची मंडळी पाहता पाहता तिकडे गेली. आयआरसीवर साठा जवळपास नसतोच, असते ती ओळखीची माणसे, आणि म्हणूनच हे स्थलांतर इतक्या झटपट होऊ शकले. जेथे वर्षानुवर्षांची उत्तरे साचलेली असतात तेथून निघणे इतके सोपे नसते, कारण साठा माणसांना धरून ठेवतो आणि त्यांची नाराजी दीर्घकाळ झाकूनही ठेवतो.

दरम्यान रोजचे बोलणे स्लॅक, डिस्कॉर्ड आणि टेलिग्राम यांवरील बंद खोल्यांत गेले. नवख्याला तेथे सहसा लवकर उत्तर मिळते, गुणांचा धाक नसतो आणि स्वभावही मोकळा असतो. पण ते बोलणे सर्च इंजिनला सहसा दिसत नाही. युजनेटवरील सी भाषेच्या जाणकारांप्रमाणेच तेथील अनुभवी माणसेही तेच उत्तर पुन्हा पुन्हा लिहितात, आणि एफएक्यू करून ठेवण्याची जुनी शिस्त फार थोड्या गटांनी पाळली आहे.

चॅटजीपीटी आले ते या पार्श्वभूमीवर. न रागावणारा, ड्युप्लिकेट न म्हणणारा आणि लगेच उत्तर देणारा पर्याय समोर आल्यावर आधीच दुरावलेली माणसे किती वेगाने गेली असतील, हे समजणे कठीण नाही. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रशियन व चिनी भाषांतील तत्सम जागांशी तुलना करून दाखवण्यात आले, की चॅटजीपीटीनंतरच्या सहा महिन्यांत स्टॅक ओव्हरफ्लोवरील लेखन सुमारे २५ टक्क्यांनी घटले, आणि ही घट केवळ नवशिक्यांच्या सोप्या प्रश्नांपुरती नव्हती. स्टॅक ओव्हरफ्लोने डिसेंबर २०२२ मध्येच यंत्राने लिहिलेल्या उत्तरांवर बंदी घातली होती. मे २०२३ च्या अखेरीस अशी उत्तरे काढण्यावर कंपनीने मॉडरेटरांना, म्हणजे राखण करणाऱ्या निवडक स्वयंसेवकांना, मर्यादा घातल्या, तेव्हा जूनमध्ये त्यांनी संप पुकारला आणि तो ऑगस्टपर्यंत चालला. साठ्याची शुद्धता राखणारी माणसे आणि साठ्याचा मालक यांच्यातील अंतर इतक्या उघडपणे त्याआधी क्वचितच दिसले होते.

मे २०२४ मध्ये कंपनीने चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयशी करार केला आणि सभासदांनी लिहिलेली उत्तरे त्या कंपनीच्या मॉडेलना उपलब्ध होणार असे जाहीर झाले. काही सभासदांनी निषेध म्हणून आपली उत्तरे पुसण्याचा किंवा बदलण्याचा प्रयत्न केला. ती पूर्ववत करण्यात आली आणि काहींची खाती तात्पुरती निलंबित झाली. कायद्याच्या दृष्टीने कंपनीची बाजू भक्कम आहे, कारण क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना एकदा दिला की मागे घेता येत नाही, आणि याच परवान्यामुळे २००८ मध्ये डेव्हलपरांनी निर्धास्तपणे लिहायला सुरुवात केली होती. तोच परवाना लेखकाच्या नावाचा उल्लेखही बंधनकारक करतो. मॉडेलच्या उत्तरात हजारो लेखकांचे लेखन मिसळलेले असते, तेव्हा हा उल्लेख कोणी, कोठे आणि कसा करायचा, हा वाद अजून मिटलेला नाही. नव्या लायब्ररी आणि नव्या आवृत्त्या यांविषयीचे सार्वजनिक बोलणे आता बरेचसे गिटहबवरील इश्यूंमध्ये, म्हणजे प्रकल्पाविषयी नोंदवलेल्या तक्रारी-सूचनांखाली, होते, जेथे प्रश्नाचे उत्तर द्यायला बहुधा त्या प्रकल्पाचे एक-दोन मेंटेनरच, म्हणजे तो सांभाळणारेच, असतात, आणि गिटहब २०१८ पासून मायक्रोसॉफ्टच्या मालकीचे आहे.