प्लेस्टेशन (पहिले)

सोनी या जपानी कंपनीचे पहिले घरगुती गेम कन्सोल. ते जपानमध्ये ३ डिसेंबर १९९४ रोजी, उत्तर अमेरिकेत ९ सप्टेंबर १९९५ रोजी व त्याच महिन्याच्या अखेरीस युरोपात विक्रीस आले. सेगाचे सॅटर्न (१९९४) आणि निन्टेन्डोचे निन्टेन्डो ६४ (१९९६) हे त्याचे प्रमुख प्रतिस्पर्धी. प्लेस्टेशनचा एकूण खप १०.२४ कोटींवर, निन्टेन्डो ६४ चा सुमारे ३.२९ कोटी आणि सॅटर्नचा ९० लाखांच्या आसपास धरला जातो. यांतील पहिला आकडा कारखान्यातून रवाना झालेल्या यंत्रांचा आहे आणि त्यात २००६ पर्यंतचे उत्पादन येते. निव्वळ नव्वदच्या दशकासाठी तो जसाच्या तसा घेणे योग्य नव्हे. अर्थात प्लेस्टेशनची आघाडी त्या दशकातही निर्विवाद होती.

उगम : सोनीतील अभियंते केन कुतारागी यांनी निन्टेन्डोच्या सुपर फॅमिकॉम या कन्सोलसाठी ध्वनीची चिप घडवली होती. त्या संबंधातून, बहुधा १९८८ मध्ये, सुपर फॅमिकॉमला सीडीची जोड देण्याचा करार दोन्ही कंपन्यांत झाला. सीडीवरील खेळांचे परवाना-हक्क (म्हणजे इतरांना खेळ काढू देण्याचे व त्याचे शुल्क घेण्याचे हक्क) त्यात सोनीकडे जात होते. ही अट निन्टेन्डोचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांना खटकली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. जून १९९१ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात सोनीने ‘प्ले स्टेशन’ची घोषणा केली आणि दुसऱ्याच दिवशी निन्टेन्डोने आपला भागीदार म्हणून फिलिप्सचे नाव जाहीर केले.

या अपमानाचा वचपा काढण्यासाठी प्लेस्टेशन जन्माला आले, ही कथा लोकप्रिय आहे. सोनीचे अध्यक्ष नोरिओ ओगा यांचा संताप खरा असला, तरी तेवढ्यावर सारा उगम उभा करता येत नाही. एक तर दोन्ही कंपन्यांतील वाटाघाटी त्यानंतरही काही काळ चालूच होत्या. दुसरे म्हणजे, त्या योजनेतील एक नमुना-यंत्र पुढे उजेडात आले (२०२० मध्ये त्याचा लिलाव झाला). त्यात खेळ साठवणाऱ्या कार्ट्रिजची (आपल्याकडे जिला सर्रास ‘कॅसेट’ म्हणत) खाच आणि सीडीची सोय शेजारीशेजारी आहे, आणि यंत्राचा गाभा सुपर फॅमिकॉमचा, म्हणजे जुन्या पिढीचा, १६-बिटचाच आहे. १९९४ च्या यंत्राशी त्याचे नाते नावापुरते. त्रिमितीय चित्रांकडे सोनीचा कल पक्का होण्यास १९९३ मधील सेगाच्या ‘व्हर्चुआ फायटर’ या त्रिमितीय आर्केड (नाणे टाकून खेळायच्या यंत्रावरील) खेळाचे यश कारणीभूत ठरले, हे मत अधिक ग्राह्य वाटते. म्हणजे प्रतिस्पर्ध्यानेच वाट दाखवली. सोनी कॉम्प्युटर एंटरटेनमेंट ही स्वतंत्र कंपनी नोव्हेंबर १९९३ मध्ये स्थापन झाली.

रचना : सुमारे ३३.९ मेगाहर्ट्झचा आर३००० जातीचा प्रोसेसर, २ मेगाबाइट मुख्य स्मृती आणि चित्रांसाठी वेगळी १ मेगाबाइट. त्रिमितीय भूमितीची आकडेमोड करणारा सहप्रोसेसर मुख्य चिपमध्येच बसवला होता. कोणती वस्तू पुढे व कोणती मागे हे ठरवणारी झेड-बफरची सोय नव्हती, पृष्ठभागावरील चित्रे बसवताना अंतरानुसार होणारा आकारबदल (पर्स्पेक्टिव्ह) हिशेबात घेतला जात नसे आणि बिंदूंची स्थाने पूर्णांकांत गोल केली जात. त्यामुळे भिंती-रस्ते थरथरताना, वाकताना दिसतात. निन्टेन्डो ६४ मध्ये हे दोष नव्हते. त्याचा प्रोसेसर ९३.७५ मेगाहर्ट्झचा होता. सॅटर्नमध्ये २८.६ मेगाहर्ट्झचे दोन मुख्य प्रोसेसर व दोन चित्र-चिपा होत्या, पण दोन्ही प्रोसेसर एकाच बसवर (माहिती वाहून नेणाऱ्या मार्गावर) असल्याने एकमेकांची वाट अडवत. शिवाय चित्रे त्रिकोणांऐवजी चौकोनांनी रचली जात. कसबी प्रोग्रामरलाही हे यंत्र सहज वठणीवर येत नसे. उलट सोनीने सी या प्रोग्रामिंग भाषेतील तयार साधने पुरवली. तेव्हा प्लेस्टेशन सर्वांत शक्तिमान म्हणून जिंकले असे म्हणता येत नाही. त्यावर काम करणे सर्वांत सोपे होते.

माध्यम व परवाने : यशाचे मुख्य कारण इथे शोधावे. निन्टेन्डोने १९९६ मध्येही कार्ट्रिज सोडली नाही. तिची क्षमता ४ ते ६४ मेगाबाइट, तर सीडीची सुमारे ६५० मेगाबाइट. कार्ट्रिज महाग, ती निन्टेन्डोकडूनच, आगाऊ पैसे मोजून, कित्येक आठवडे आधी मागवावी लागे. अंदाज चुकला की न खपलेला माल प्रकाशकाच्या गळ्यात. सीडी मात्र थोडक्या पैशांत व थोड्या दिवसांत छापून मिळे, त्यामुळे आधी कमी प्रती काढून मागणी दिसताच पुन्हा छापता येई. संगीताच्या तबकड्यांच्या धंद्यात सोनीला हा व्यवहार मुरलेलाच होता. जोडीला परवाना-शुल्कही कमी.

नामको ही खेळ बनवणारी कंपनी पहिल्यापासून सोबत होती. तिचा ‘रिज रेसर’ हा शर्यतीचा खेळ यंत्राबरोबरच आला, आणि तिचा सिस्टिम ११ हा आर्केड बोर्ड प्लेस्टेशनच्याच रचनेवर बेतलेला असल्याने ‘टेक्कन’ हा तिचा आर्केडमधील खेळ घरगुती यंत्रावर आणणे सोपे गेले. १९९६ च्या आरंभी स्क्वेअर या खेळ बनवणाऱ्या कंपनीने निन्टेन्डोची साथ सोडली. तिचा ‘फायनल फॅन्टसी ७’ हा खेळ जानेवारी १९९७ मध्ये तीन सीड्यांवर आला. कार्ट्रिजवर तो मावणे शक्यच नव्हते. जपानमध्ये तोवर सॅटर्नचा पाय बऱ्यापैकी घट्ट होता.

किंमत : ११ मे १९९५ रोजी लॉस एंजेलिसच्या ई३ या गेम-उद्योगाच्या प्रदर्शनात सेगाने सॅटर्न ३९९ डॉलरला, तत्काळ उपलब्ध, असे जाहीर केले. सोनीचे स्टीव्ह रेस व्यासपीठावर येऊन ‘२९९’ एवढेच बोलून उतरले. प्रसंग नाट्यमय आहे व म्हणूनच त्याला वाजवीपेक्षा अधिक श्रेय मिळते. निन्टेन्डो ६४ अमेरिकेत १९९ डॉलरला येऊनही मागेच राहिले. सेगाचे खरे नुकसान घाईने झाले. माल निवडक दुकानसाखळ्यांनाच मिळाला, वगळलेल्या केबी टॉइज या खेळण्यांच्या दुकानसाखळीने सॅटर्न ठेवण्यास नकार दिला आणि खेळ बनवणाऱ्यांचे खेळ तयार नव्हते.

नकली सीड्या : सीडीची नक्कल करणे सोपे. यंत्रात मॉडचिप (अस्सल-नकलीची तपासणी चुकवणारी चिप) बसवून अशा सीड्या चालवल्या जात. त्याने यंत्राचा खप किती वाढला याविषयी ठाम विधान करणे धाडसाचे आहे.

अखेर : मार्च २००० मध्ये आलेल्या प्लेस्टेशन २ वर जुन्या सीड्या चालत. जुलै २००० मध्ये मूळ यंत्राची आटोपशीर आवृत्ती ‘पीएस वन’ या नावाने निघाली. उत्पादन मार्च २००६ मध्ये थांबले.