पऱ्हाटीला बोंड, पानावर मावा आणि इंग्रजीतला ‘ऑन’
दिवेलागणीच्या वेळी सहावीतला पुतण्या इंग्रजीची वही घेऊन ओसरीवर बसला होता. ‘बोटात अंगठी आहे’ या वाक्यासाठी त्याने ‘रिंग इन फिंगर’ असे लिहिले होते आणि त्यातल्या ‘इन’वर लाल शाईची फुली मारून वर ‘ऑन’ लिहिलेले होते. त्याचा प्रश्न रास्त होता. “काका, ऑन म्हंजे वर ना? मंग आंगठी बोटाच्या वर रायते का?”

‘ऑन म्हणजे वर, इन म्हणजे आत, अंडर म्हणजे खाली’ ही त्रिसूत्री आपल्याकडे पाढ्यांसारखी पाठ करून घेतली जाते. मुलाचे चुकले ते या त्रिसूत्रीमुळे, कारण स्थळ दाखवणारे शब्द एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नाण्यासारखे मोडून मिळत नाहीत.

कारण समजून घ्यायला शेताच्या धुऱ्यापर्यंत गेले तरी पुरे. पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, बोंड लागते, पानावर मावा ही कीड पडते आणि बोंडात अळी शिरते. ‘ला’, ‘वर’ आणि ‘त’ अशी तीन नाती आपण न अडखळता वेगळी सांगतो. बोंड झाडातूनच फुटलेले आणि देठाने धरलेले असते, म्हणून ‘ला’. मावा बाहेरून येऊन पृष्ठभागावर बसलेला असतो, म्हणून ‘वर’. आणि पान उलटून पाहिले तर हा मावा बहुधा खालच्या अंगालाच चिकटलेला दिसतो, तरीही आपण ‘पानावर’च म्हणतो. इंग्रजीत मात्र बोंड आणि मावा दोघांनाही एकच ‘ऑन’ लागतो, ‘इन’ येतो तो अळीपाशी.

नेदरलँड्समधील नायमेखेन येथील माक्स प्लांक मनोभाषाविज्ञान संस्थेत मेलिसा बाउअरमन आणि एरिक पेडरसन यांनी 1990च्या दशकाच्या आरंभी नेमक्या याच प्रश्नासाठी 71 रेखाचित्रांचा एक संच तयार केला. प्रत्येक चित्रात एक वस्तू दुसरीच्या संदर्भात कुठे आहे एवढेच दाखवलेले असते, आणि बोलणाऱ्याने ते आपल्या भाषेत सांगायचे असते. त्यातून दिसलेली गोष्ट मला फार आवडते. मेजावरचा कप, पायावरची मलमपट्टी, भिंतीवरचे चित्र, दाराची कडी, डहाळीचे फळ, वाटीतले फळ अशी एक ओळ मांडली, तर तिच्या एका टोकाला खालून मिळणारा निव्वळ आधार असतो, दुसऱ्या टोकाला चहूबाजूंनी वेढलेपण असते आणि मध्ये चिकटणे, टांगणे, जडवणे असे टप्पे येतात. स्पॅनिश भाषा ही सगळी ओळ ‘एन’ या एकाच शब्दात गुंडाळू शकते. इंग्रजी शेवटच्या चित्राआधी एक रेघ मारते: आधी सगळे ‘ऑन’, शेवटी ‘इन’. डच भाषा मात्र आधारासाठी ‘ऑप’, टांगण्या-जडवण्यासाठी ‘आन’ आणि वेढलेपणासाठी ‘इन’ असे तीन तुकडे पाडते. आता आपली मराठी लावून पाहावी: मेजावर कप, दाराला कडी, डहाळीला फळ, वाटीत फळ. म्हणजे या एका बाबतीत आपण इंग्रजीपेक्षा डचच्या जवळ आहोत. भिंतीवरच्या चित्रापाशी आपली रेघ जरा डळमळते, कारण चित्र भिंतीवर असते आणि भिंतीला टांगलेलेही असते.

गंमत अशी, की इंग्रजी ‘ऑन’ आणि डच ‘आन’ हे एकाच मुळातून निघालेले शब्द आहेत. त्यामुळे ‘ऑन’चा गाभा उंचीचा नाही, लागून असण्याचा आहे, छताला उलटी चिकटलेली पालसुद्धा इंग्रजीत ‘ऑन’च असते. आपला ‘वर’ संस्कृत ‘उपरि’पासून प्राकृत ‘उवरि’च्या वाटेने आला, आणि ‘उपरि’चा इंग्रजीतला भाऊ ‘ओव्हर’ आहे, ‘ऑन’ नव्हे. येथे थोडे खोलात जाणे भाग आहे. संस्कृतातल्या ‘प’च्या जागी इंग्रजीत ‘फ’ येतो, जसे पितृ आणि फादर, पाद आणि फूट. मग ‘ओफर’ का झाले नाही? डेन्मार्कच्या कार्ल व्हर्नर यांनी 1877 मध्ये याचे उत्तर प्रसिद्ध केले. शब्दाच्या आतल्या ‘फ’सारख्या अघोष घर्षक ध्वनीच्या (हवा घासत, पण कंठ न थरथरता निघणाऱ्या ध्वनीच्या) आधीच्या अक्षरावर मुळात आघात नसेल, तर तो ध्वनी घोष होतो, म्हणजे कंठ थरथरून उच्चारला जातो. वैदिक उच्चारात ‘उपरि’चा उदात्त स्वर, म्हणजे आघात, ‘प’वर आहे, ‘उ’वर नाही; म्हणून जर्मानिक भाषांत (इंग्रजी, डच, जर्मन यांच्या कुळात) तो ‘फ’ घोष झाला, आणि इंग्रजीत आज तेथे ‘व्ह’ ऐकू येतो. हजारो वर्षे पाठांतराने जपलेल्या स्वरामुळे एका युरोपीय व्यंजनाचे कोडे सुटले.

यावरून ‘संस्कृत ही जगातल्या सगळ्या भाषांची जननी’ हा मोबाइलवर फिरणारा निरोप खरा ठरतो असे मात्र कोणी समजू नये. ‘उपरि’ आणि ‘ओव्हर’ यांचा पूर्वज एक आहे, पण ते मायलेक नाहीत. तो पूर्वज आता कोठेही बोलला जात नाही. तीस दिवसांत इंग्रजीत विचार करायला शिकवण्याच्या जाहिराती बसस्थानकाच्या भिंतीला चिकटवलेल्या असतात, त्यांवरही असाच विश्वास ठेवू नये.

राहिली अंगठी. खरे तर बोट अंगठीत असते, तरी आपण ‘बोटात अंगठी’ म्हणतो. तसेच पायात चप्पल, गळ्यात माळ, अंगात सदरा. अंगावर घालायच्या बऱ्याच वस्तूंसाठी मराठीने ‘त’ निवडला. कोरियन भाषा आणखी निराळी: अंगठी बोटात घालणे आणि पुस्तक त्याच्या घट्ट खोळीत बसवणे, दोन्हींसाठी ‘क्किदा’ हे एकच क्रियापद, कारण तेथे घट्ट बसणे महत्त्वाचे. सुझन हेस्पोस आणि एलिझाबेथ स्पेल्के यांनी 2004 मध्ये दाखवले, की इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या पाच महिन्यांच्या बाळांनाही घट्ट आणि सैल हा फरक कळतो, जरी त्यांची भाषा पुढे त्याकडे लक्ष देत नाही.

पुतण्याला यातले अर्धेही सांगितले नाही. त्याला अंगणातले संत्र्याचे झाड दाखवले. झाडाला संत्री आहेत, ती ‘ऑन द ट्री’. झाडावर माकड बसले तर ते फांद्या-पानांच्या आत असते, म्हणून ते ‘इन द ट्री’. त्याने वहीत दोन्ही लिहून घेतले आणि माकडासमोर कंसात ‘वर’ लिहून ठेवले.