सोलापूर–रायचूर लाइन आणि ग्रीड सांभाळण्याचा खेळ

३१ डिसेंबर २०१३ रोजी सोलापूर–रायचूर ही ७६५ केव्हीची (किलोव्होल्टची) लाइन सुरू झाली आणि दक्षिणेची ग्रीड, म्हणजे वीजवाहिन्यांचं जाळं, उरलेल्या देशाशी ५० हर्ट्झच्या एकाच फ्रिक्वेन्सीवर जोडली गेली. सोलापूरकरांनी याचा अभिमान बाळगायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

त्याच्या दीड वर्ष आधी, ३० जुलै २०१२ च्या पहाटे अडीचच्या सुमारास बीना–ग्वाल्हेर ही ४०० केव्हीची लाइन ट्रिप झाली, म्हणजे आपोआप बंद पडली. तिचा भार इतर लाइनींवर गेला, त्याही एकामागून एक सुटल्या आणि अख्खी उत्तर ग्रीड कोसळली. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशा तिन्ही ग्रीड गेल्या. साधारण ६० कोटी वस्तीच्या प्रदेशाला झळ बसली. दक्षिण वाचली, कारण तेव्हा ती बाकी देशाशी फक्त डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेच्या) दुव्यांनी जोडलेली होती आणि फ्रिक्वेन्सीचा धक्का त्यातून तसाच पलीकडे जात नाही. सोलापूरच्या जोडणीनंतर आधार दोन्हीकडून मिळतो, तसा धक्काही दोन्हीकडे पोहोचू शकतो.

चावी फिरवली की पाणी वळतं. विजेला असं वळवता येत नाही. ती कुठल्या लाइनने किती जाणार, हे लाइनींचा अवरोध ठरवतो. माणसाच्या हातात मुख्यतः लाइन जोडणारे-तोडणारे ब्रेकर, वीजनिर्मितीचं कमी-जास्त आणि उपकेंद्रातल्या बसबारची (लाइनी जिथे एकत्र येतात त्या धातूच्या पट्ट्यांची) जोडणी. चालू ग्रीडवर शिकायची सोय नाही. चूक झाली की इकडे यंत्रमागांची खटखट एका क्षणात थांबते, अर्धी विणलेली चादर मागावर तशीच राहते.

म्हणून खोट्या ग्रीडवर सराव. १९२९ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात रोधक, कॉइल, ट्रान्सफॉर्मर मांडून ग्रीडची छोटी प्रतिकृती उभी केली होती. पुढे संगणक आले, ऑपरेटरांसाठी सिम्युलेटर आले.

२०१९ मध्ये फ्रान्सच्या आरटीई या पारेषण कंपनीने याचा खेळच केला आणि जगभरातल्यांना आपापले सॉफ्टवेअर एजंट, म्हणजे स्वतः निर्णय घेणारे प्रोग्राम, उतरवायला सांगितले. एक पायरी ५ मिनिटांची. लाइन जास्त वेळ ओव्हरलोड राहिली की सुटते, ग्रीड कोसळली की डाव संपला. एजंट पुन्हा पुन्हा हरतो आणि त्यातूनच शिकतो. २०२० च्या एका फेरीत तर लाइनी मुद्दाम पाडणारा प्रतिस्पर्धीही होता.

बसबारची जोडणी बदलायला जादा इंधन जाळावं लागत नाही, पण दोन बसबार आणि १० लाइनी एवढ्यावरच ५१२ मांडण्या होतात. एका उपकेंद्राच्या. त्या सगळ्या पाच मिनिटांत ऑपरेटरला तपासता येत नाहीत. सराव झालेला एजंट त्यातल्या चार-दोन नेमक्या काढून समोर ठेवू शकतो.