जर्नलला इम्पॅक्ट फॅक्टर हवाय? अर्ज कुठे करायचा आणि नकार का येतो

मानसिक स्वास्थ्य, आनंद, जीवनातलं समाधान या विषयांवर जर्नल चालवणाऱ्या विभागांकडून एकच प्रश्न येतो: इम्पॅक्ट फॅक्टरचा, म्हणजे जर्नलमधल्या लेखांचे संदर्भ सरासरी किती दिले जातात त्या आकड्याचा, फॉर्म कुठे मिळतो? असा फॉर्म नाही. अर्ज करायचा तो वेब ऑफ सायन्स किंवा स्कोपस या संशोधन-जर्नलांच्या आंतरराष्ट्रीय सूचींत जर्नल घ्यावं म्हणून. आत गेल्यावर आकडा ते स्वतः काढतात: वेब ऑफ सायन्सचा तो इम्पॅक्ट फॅक्टर, स्कोपसचा सायटस्कोर. दोन्हीकडे मूल्यमापन मोफत आहे, तेव्हा ‘स्कोपस करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाचा फोन सरळ ठेवून द्या.

2024 चा इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे 2022 आणि 2023 मधल्या मजकुराला 2024 मध्ये मिळालेली सायटेशन्स (इतर लेखांनी दिलेले संदर्भ), भागिले त्या दोन वर्षांतले लेख. तो जून 2025 मध्ये आला. स्कोपसचा सायटस्कोर चार वर्षांचा: 2021 ते 2024 मधल्या लेखांना त्याच चार वर्षांत मिळालेली सायटेशन्स. गूगल स्कॉलरवरचा आकडा यात धरत नाहीत. जुनी पुण्याईही कामी येत नाही: मानसशास्त्रज्ञ एड डीनर आणि सहकाऱ्यांची जीवन-समाधान मोजणारी पाच वाक्यांची प्रश्नावली 1985 ची, आजही तिचे संदर्भ सतत दिले जातात, पण ती छापणाऱ्या जर्नलच्या आजच्या इम्पॅक्ट फॅक्टरमध्ये त्यातला एकही धरला जात नाही.

स्कोपससाठी किमान दोन वर्षांचे अंक हवेत. ही दोन वर्षं आयएसएसएनच्या (जर्नलच्या ओळख-क्रमांकाच्या) पत्रापासून मोजायची नसतात, प्रत्यक्ष अंक निघालेले दिसले पाहिजेत. आणि वेळेवर. जुलैचा अंक नोव्हेंबरात टाकून वर ‘जुलै’ लिहिलं, तरी वेबसाइटवरच्या तारखा चुगली करतात.

आयएसएसएन दिल्लीच्या निस्पर संस्थेतून मोफत मिळतो. छापील आणि ऑनलाइन आवृत्तीचा वेगळा. बहुतेकांचं घोडं अडतं ते प्रकाशन-नैतिकतेच्या निवेदनापाशी. वाङ्मयचौर्य आढळलं तर काय करणार, लेख मागे कसा घेणार, संपादकाचाच लेख आला तर निर्णय कुणाचा, हे वेबसाइटवर सगळ्यांना वाचता येईल असं हवं. लोक दुसऱ्या जर्नलचं निवेदन उचलतात आणि त्या जर्नलचं नावही तसंच राहतं! स्वतः लिहा, दोन पानं पुरतात. पीअर रिव्ह्यूची, म्हणजे त्या विषयातल्या तज्ज्ञांकडून लेख तपासून घेण्याची, पद्धतही तिथेच सांगा.

संपादक मंडळावर परदेशी प्राध्यापकांची नावं टाकताना त्यांची लेखी संमती घ्या. कित्येकांना आपण मंडळावर आहोत याचा पत्ताच नसतो.

लेख मराठीत असले तरी चालतात. मात्र शीर्षक आणि सारांश इंग्रजीत हवा, आणि संदर्भसूची रोमन लिपीत. मराठी जर्नलं हमखास इथेच मागे पडतात.

वेब ऑफ सायन्सकडे गुणवत्तेचे 24 आणि प्रभावाचे 4 असे 28 निकष आहेत. पहिले 24 पार केले तर उदयोन्मुख जर्नलांच्या सूचीत जागा मिळते. 2023 पासून तिथल्या जर्नलांनाही इम्पॅक्ट फॅक्टर मिळतो. आकडा वाढवायला लेखकांना ‘आमचेच लेख उद्धृत करा’ म्हणून गळ घालू नका. स्वतःचीच सायटेशन्स बेसुमार झाली की वेब ऑफ सायन्स चालवणारी क्लॅरिव्हेट कंपनी त्या वर्षीचा आकडा रोखून धरते.

यूजीसी-केअर या यूजीसीच्या मान्य जर्नलांच्या यादीच्या नावाने अजूनही प्रमाणपत्र मागणारी महाविद्यालयं आहेत. ती यादी फेब्रुवारी 2025 मध्येच बंद झाली. त्यांना यूजीसीची सूचना दाखवा.

स्कोपसचा नकार आला तर पत्र शेवटपर्यंत वाचा. पुन्हा अर्ज कधीपासून करता येईल ते त्यात असतं, आणि ही बंदी पाच वर्षांपर्यंतही असू शकते. त्याआधी पाठवलेला अर्ज उघडूनही पाहत नाहीत.